वाचक विचारतात: मास्टर विनायक, घरचा सिनेमा आणि स्वतःची वाट

प्रश्न: मागच्या अंकात अभिनेत्री नंदाबद्दल छोटंसं टिपण होतं, त्यात तिचे वडील, नट-दिग्दर्शक मास्टर विनायक, आणि शांतारामबापू (म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांताराम), भालजी, बाबूराव पेंढारकर हे सगळे सिनेमावाले नात्यातले असं एका ओळीत लिहून सोडून दिलंत. मग विनायकांना घरच्यांमुळेच चान्स मिळाला असं समजायचं का? जरा नीट सांगा ना. (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर: चान्स घरच्यांमुळे मिळाला, हो, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. आपण तर नाशिककर, आपल्याला हे वेगळं सांगायला नको, 1913 ला दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र निघाला तेव्हा अख्ख्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बघत होत्या, मुलगा भालचंद्र पडद्यावर होता, आणि पुढे 1919 च्या कालियामर्दनमध्ये कृष्ण झाली ती दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला सिनेमा म्हणजे घरचंच कार्य होतं हो, बाहेरचं कोण येणार होतं?

कोल्हापुरातही तसंच. बाबूराव आणि भालजी पेंढारकर भाऊ-भाऊ, शांतारामबापू त्यांचे मावसभाऊ, विनायकही त्याच गोतावळ्यातले, आणि विनायकांचे भाऊ वासुदेव कर्नाटकी कॅमेरामन. विनायकांचा जन्म 1906 चा, कोल्हापूरचाच. प्रभात फिल्म कंपनीच्या अयोध्येचा राजामध्ये (1932) ते नारद झाले, दिग्दर्शक शांतारामबापू. मग कोल्हापूर सिनेटोन या कंपनीत भालजींच्या हाताखाली काम केलं आणि 1935 ला तिथेच स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा केला, विलासी ईश्वर, ज्यात शोभना समर्थ पहिल्यांदा पडद्यावर आल्या, म्हणजे नूतन-तनुजाच्या आई.

इथपर्यंत घराची साथ आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे आणि मला ती मनापासून मोठी वाटते. भालजी म्हटलं की ऐतिहासिक, बापू म्हटलं की कुंकू आणि माणूससारखे जबरदस्त सामाजिक सिनेमे. या दोघांच्या मधे उभं राहून विनायकांनी विनोद निवडला! 1936 ला बाबूराव आणि कॅमेरामन पांडुरंग नाईक यांच्याबरोबर हंस पिक्चर्स ही कंपनी काढली, पहिला सिनेमा छाया, तो वि. स. खांडेकरांनी लिहिलेला आणि चांगलाच दुःखी, पण 1938 ला आचार्य अत्र्यांनी लिहिलेला ब्रह्मचारी केला आणि मराठी माणूस थिएटरात खदखदून हसायला लागला.

औदुंबर नावाचा साधासुधा पोरगा एक भाषण ऐकून येतो, ब्रह्मचर्याची शपथ घेतो, घरातले नट्यांचे फोटो काढून टाकतो, व्यायाम सुरू करतो, आणि मग समोर येते मीनाक्षी शिरोडकर, यमुनाजळी खेळू म्हणत स्विमिंग कॉस्च्युममध्ये, 1938 साली! आजही लोक त्या गाण्याचीच चर्चा करतात आणि त्यात विनायकांचं काम झाकलं जातं याचं मला वाईट वाटतं. औदुंबर ते स्वतः झालेत आणि कुठेही तोंड वेडंवाकडं करून हसवत नाहीत, तो पोरगा शंभर टक्के सिरियस असतो म्हणून तर आपल्याला हसू येतं. पुढच्या कितीतरी मराठी विनोदी नटांची वाट इथून निघते असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: लता मंगेशकर विनायकांच्या कंपनीत होत्या हे खरं का? आणि विनायक गेल्यावर नंदाला खरंच लहानपणीच काम करावं लागलं? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: दोन्ही खरं. 1942 ला वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लताबाई जेमतेम बारा वर्षांच्या, भावंडांत सगळ्यात मोठ्या. त्या वेळी विनायक पाठीशी उभे राहिले. त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये लताबाईंनी छोटी-मोठी कामं केली, गायल्या, माझं बाळ, गजाभाऊ हे त्याच काळातले, आणि कंपनी 1945 ला मुंबईला गेली तेव्हा त्याही मुंबईत आल्या. पुढचं सगळ्या जगाला माहितीय.

विनायक गेले 19 ऑगस्ट 1947 ला, देश स्वतंत्र होऊन चार दिवस झालेले, वय फक्त 41. मंदिर हा सिनेमा अर्धाच राहिला होता, तो दिनकर द. पाटलांनी पुरा केला. त्याच सिनेमात नंदा बालकलाकार. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची, नंतर बेबी नंदा म्हणून काम करत राहिली आणि 1956 ला तूफान और दिया मधून मोठ्या भूमिकेत आली, तो सिनेमा शांतारामबापूंच्या राजकमल या कंपनीचा. म्हणजे नात्यातली माणसं इथेही उपयोगी पडलीच, पण घर चालवायची जबाबदारी त्या पोरीच्या अंगावर फार लवकर आली हेही तितकंच खरं.

प्रश्न: आधी कोणता बघू? (कॉलेजची विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर: ब्रह्मचारी. आवडला तर ब्रँडीची बाटली (1939), तोही अत्र्यांचाच. चिं. वि. जोशींच्या विनोदी कथांमधले चिमणराव-गुंड्याभाऊ वाचले असतील तर लग्न पहावे करून (1940) चुकवू नका, दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांची जोडी बघायलाच हवी. छाया शेवटी ठेवा. आणि शक्यतो आजी-आजोबांना शेजारी बसवून बघा, त्या काळचे बरेच शब्द नि टोमणे आपल्याला कळत नाहीत, ते लगेच सांगतील.