डोक्यात इतके विचार येतात, मग त्यातला एखादाच का टिकतो आणि पसरतो? खरा असतो म्हणून का?

नाही, खरा असतो म्हणून नाही. जो ऐकल्या ऐकल्या लगेच काहीतरी करायला लावतो तो पुढे जातो, असं माझं मत आहे आणि ते बनलंय २१ सप्टेंबर १९९५ ला, म्हणजे गणपती दूध प्यायला त्या दिवशी. मूर्तीच्या सोंडेला दुधाचा चमचा लावला की ती दूध पिते, अशी ती बातमी. मी सातवीत होतो. पहाटे दिल्लीतल्या एका देवळातून सुरू झालेली गोष्ट त्याच दिवशी लंडनच्या देवळांत पोचली, आणि तेव्हा व्हॉट्सअॅप सोडा, आमच्या अख्ख्या आळीत मिळून दोन फोन होते.

आमच्याकडे आधी बडोद्याहून आत्याचा फोन, मग शेजारच्या काकू सांगत आल्या, मग दूधवाला. खरं तर बातमी एकच, पण तीन तोंडांनी आली की मन ती तीनदा मोजतं. तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की जास्त खरं वाटायला लागतं, हे १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलंय. शिवाय चमचा घरात, दूध घरात, देव घरात, मग करून बघायला कोण थांबतंय!

आजीने चमचा सोंडेला टेकवला आणि दूध खरंच कमी व्हायला लागलं. मी अगदी नाक लावून बघत होतो, तर पोटावरून एक बारीक ओली रेघ खाली उतरत होती आणि पाटावर दूध साचत होतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हीच रेघ टीव्हीवर दाखवली, पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्यामुळे, दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून ओघळतं म्हणून सांगितलं. पण पृष्ठताण हा शब्द घेऊन कोण शेजारी धावत जाणार? त्यात बघणाऱ्याला करण्यासारखं काहीच नव्हतं.

बाबांनी मग तोच चमचा वरवंट्याला लावला. तोही प्यायला! मला वाटलं संपलं आता. आजी शांतपणे म्हणाली, "अरे, देव काय फक्त मूर्तीतच असतो का?" हे मी आयुष्यात विसरणार नाही. तिचा विचार हरला तर नाहीच, उलट विरोधातला पुरावा पोटात घालून मोठा झाला, आणि खरं सांगू, आजी मूर्ख अजिबात नव्हती, अख्ख्या आळीचे हिशोब तिच्या तोंडपाठ असायचे. डोक्यात आधीपासून मुरलेल्या विचाराला नवा विचार उपटून काढत नाही, जुनाच त्याला आपल्यात जागा करून देतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी पृष्ठताण वगैरे काही बोललोच नाही, फक्त आमचा वरवंटा दूध प्यायला एवढंच सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशी वर्गातली तिघं जण आपापल्या घरच्या वरवंट्याला दूध पाजून आली होती, आणि त्यातल्या एकाने तर आईला बोलावून ती ओली रेघ बोटाने दाखवली होती.