मालिकेत रोल मिळतोय, घेऊ का गाण्यातच राहू?

प्रश्न विचारणारा भाऊ नांदेडचा आहे, वय २४, स्वतः गाणी लिहितो, चाल लावतो, गातो. आता त्याला एका मराठी मालिकेत हिरोच्या मित्राचा रोल मिळायलाय आणि त्याला भीती वाटतेय की त्यात गाणं मागं पडेल.

भावा, वयानं लई लहान आहेस म्हणून सरळ तू म्हणतो. मी परभणीचा. आधी गाणी, मग दोन मालिका केल्या, पहिली १४ महिने चालली, दुसरी चार महिन्यांत बंद पडली, आणि आज घर चालतं ते गाण्याच्या कार्यक्रमांवरच. तरी सांगतो, रोल घे. फक्त सही करायच्या आधी गाण्यांचे कागद नीट कर.

भीती खोटी नाही तुझी. सेट ठाण्याला घोडबंदर रोडला होता, शिफ्ट १२ तासांची, आणि सीनचा कागद बऱ्याचदा लाइटिंग चालू असताना हातात यायचा. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी मुखडे लिहायचो. रोज लिहायचो असं नाही पण लिहायचो. खरा मार गळ्याला बसतो. भांडणाचा सीन असला की तेच ओरडणं मास्टरला (सगळ्यांचा एकत्र शॉट), मग क्लोजला (चेहऱ्याचा जवळून शॉट), मग समोरच्याच्या क्लोजला परत, वरून एसी आणि सेटवरची धूळ, दुसऱ्या दिवशी वरचा सा लागायचाच नाही. तेव्हा रिहर्सलला आवाज राखून बोल आणि टेकलाच पूर्ण दे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुला सांगतो. पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, म्हणजे पहिले तीन महिने मुंबईतलं भाडं स्वतःच्या खिशातून, ती सोय करूनच मुंबईच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये बस. आणि गणपतीत, यात्रेच्या सीझनला आपले कार्यक्रम असतात तेव्हाच तिकडं महाएपिसोड लागतो, म्हणून तारखांचं आधीच बोलून कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घे, तोंडी नको.

मिळतं काय ते पण ऐक. गंगाखेडला कार्यक्रम होता, बॅनरवर माझ्या नावापेक्षा मालिकेतल्या पात्राचं नाव मोठं. लोक त्या पात्राला बघायला आले होते, पहिल्या गाण्याला सगळ्यांचे मोबाइल वर उचललेले. तिसरं गाणं मी आईच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर बांधलेलं होतं, ते सुरू झालं तसे मोबाइल खाली गेले, आणि पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्या माझ्यासोबत गुणगुणायला लागल्या. मालिका नसती तर एवढी माणसं त्या मैदानात आली नसती हे मी मान्य करतो, पण मालिका संपल्यावर ज्यांनी परत बोलावलं ते त्या तिसऱ्या गाण्यासाठी.

आता कागदांचं. माझं एक गाणं एका म्युझिक कंपनीनं १५ हजाराला घेतलं, मी मेकअप रूममध्ये घाईत न वाचता सही केली. पुढं ते गाणं खूप वाजलं आणि मला वाटलं आपण सगळंच विकून बसलो. वर्षभर झोप नव्हती मला. नंतर एका वकील मित्रानं समजावलं की कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झालीय (जावेद अख्तरांनी राज्यसभेत लावून धरलेली ती), तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून घेताच येत नाही, गाणं विकलं तरी तो वाटा आपलाच राहतो. पण तो घरी चालत येत नाही. त्यासाठी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाण्याची नोंद करावी लागते, तू शब्द आणि चाल दोन्ही करतोस म्हणजे दोन्ही नावांनी कर. गायक म्हणून वेगळी संस्था आहे, आधीची इसरा, आता तिचं नाव इसमरा (ISAMRA). आणि चॅनलच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ‘कराराच्या काळात केलेलं सगळं काम आमचं’ अशा अर्थाची ओळ आहे का ते शोध, असेल तर ‘माझी गाणी सोडून’ असं घालायला लाव.

दोन्ही जमतं रे. स्पृहा जोशी २०१२ ला ‘उंच माझा झोका’ मालिकेत रमाबाई रानडे करत होती, ती कविता आणि गाणीही लिहिते. स्वानंद किरकिरेंना गीतांसाठी दोनदा राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि ‘चुंबक’ सिनेमासाठी अभिनयाचा पण. आपल्या परभणीचा संकर्षण कऱ्हाडे मालिका करतो, नाटक लिहितो आणि कवितांचे कार्यक्रम पण करतो.

एक राहिलं. सेटवर तुझं आपलं मराठवाडी ‘करायलो, जायलो’ काढायला लावतील, रोलपुरतं काढ. गाण्यात मात्र हात लावू देऊ नको.

गोदावरीवरचं जे गाणं लिहिलंय म्हणालास ते सही करायच्या आधी, आज रात्रीच, नुसत्या पेटीवर मोबाइलमध्ये रेकॉर्ड कर आणि स्वतःलाच मेल करून ठेव, म्हणजे तारीख राहते. कॉन्ट्रॅक्ट हातात आलं की इथंच सांग, मी वाचून देतो.