नॉर्वेजियन शिकायची तर मराठीतून शिका

ताई, तुम्ही विचारलंत की मिस्टरांना ट्रॉनहाइमला नोकरी लागली आहे, ऑगस्टमध्ये लेकीला घेऊन निघायचं आहे, तिकडे इंग्रजीवर भागतं असं सगळे सांगतात, मग नॉर्वेजियनच्या मागे लागावं का आणि अमरावतीच्या माणसाला ती कितपत जड जाईल. मी मूळची अचलपूरची, अकरा वर्षं ऑस्लोत आहे. जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजीवर भागतं हे खरं. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे कुठे अडत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत लोक आपसात काय बोलतात, बालवाडीतल्या बाई दारात उभ्या राहून इतर आयांना काय सांगतात, ते सगळं डोक्यावरून जातं. पुढे नागरिकत्व घ्यायचं झालं तर बोलण्याची बी-१ पातळी लागते, म्हणजे रोजचं बोलणं जमण्याइतकी. तेव्हा शिकाच. फक्त माझी चूक करू नका. मी पहिलं वर्ष प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत आणायचे आणि तिथून नॉर्वेजियनमध्ये न्यायचे. वर्ष वाया गेलं, कारण बरंचसं मला मराठीतून आधीच येत होतं.

लिंगंच घ्या. त्यांच्याकडेही तीन आहेत, आपल्या तो-ती-ते सारखी. ‘माझा, माझी, माझं, माझे’ याला ते म्हणतात ‘मिन, मी, मिट, मीने’. ज्या वस्तूबद्दल बोलतोय तिच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलतो, हे आपल्याला कुणी समजवावं लागत नाही. मूल त्यांच्याकडेही नपुंसकलिंगी, मात्र सूर्य स्त्रीलिंगी, तेव्हा प्रत्येक शब्द लिंगासकटच पाठ करा. आणि ‘आपला’ तर हुबेहूब आहे! ‘कूना सी’ म्हणजे आपली बायको, ‘कूना हान्स’ म्हणजे त्याची, दुसऱ्या कुणाची तरी. ‘तो आपल्या बायकोवर प्रेम करतो’ आणि ‘तो त्याच्या बायकोवर प्रेम करतो’ यातला फरक वर्गातल्या इंग्रज मुलाला महिनाभर सुटला नाही. मला तो सांगावाच लागला नसता, मी मराठीतून विचार केला असता तर.

उच्चारांतही तेच. ऑस्लोत आणि तुमच्या ट्रॉनहाइमलाही ‘र’पुढे ‘त’ किंवा ‘न’ आला की दोन्ही मिळून ट, ण होतात. मूल या अर्थाचा शब्द लिहितात ‘बार्न’, म्हणतात चक्क ‘बाण’. नकाशा लिहितात ‘कार्त’, म्हणतात ‘काट’. पोलंड-स्पेनकडच्या लोकांची जीभ इथे अडते, आपली नाही. (बर्गन, स्टावांगरकडे मात्र ‘र’ घशातून काढतात, तिथे हे होत नाही.) खरे कष्ट स्वरांना आहेत. ओठ ‘ओ’सारखे गोल ठेवून आतून ‘ए’ म्हणायचं, ओठ ‘ऊ’चे करून आतून ‘ई’ म्हणायचं. आरशासमोर रोज पाच मिनिटं करा. शब्दाला चालही असते. ‘शेतकरी’ आणि ‘घेवडे’ यांचे अनेकवचनी शब्द कानाला सारखेच, फक्त सूर वेगळा. तो नियमाने येत नाही, ऐकूनच येतो.

वाक्यरचनेत क्रियापद दुसऱ्या जागी हवं. ‘इ दाग गोर याय’, म्हणजे ‘आज जाते मी’. आपण बोलताना हे असं म्हणतोच की, त्यांनी तेच पक्कं केलं आहे. क्रियापद मात्र माणसागणिक बदलत नाही, मी-तू-आम्ही सगळ्यांना एकच रूप. आराम आहे.

अंकांची गोष्ट सांगते. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. एकदा बागेतले बटाटे मोजून पिशवीत भरता भरता म्हणाल्या, ‘फेमओत्यूवे’. वर्गात शिकवलं होतं ‘शूएफेम’, म्हणजे वीस-पाच. आजी म्हणाल्या पाच-न-वीस. आपलं पंचवीसच ते! इथे १९५१ मध्ये संसदेने दशक आधी म्हणायची पद्धत लागू केली, टेलिफोनचे नंबर सांगताना घोटाळा नको म्हणून. तरी म्हातारी माणसं अजून जुनंच बोलतात. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आणलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, आठवतं ना?

नात्यांत गंमत उलटी आहे. मूरमूर म्हणजे आईची आई, फारमूर म्हणजे वडिलांची आई, हे ते वेगळं ठेवतात. पण मामा, काका सगळे ‘ऊंकेल’. आणि ‘तुम्ही’ जवळजवळ गेलंच आहे, सगळ्यांना ‘दू’. त्या आजींना नावाने हाक मारायला मला दोन वर्षं लागली. तुमची लेक आठवड्यात मारेल, तिला रागावू नका.

आता जे मला सगळ्यात जवळचं आहे ते. पुण्यात शिकायला गेले तेव्हा ‘मी जेवण करून राहिली’ म्हटलं की मेसमध्ये मुली हसायच्या. सहा महिन्यांत मी वऱ्हाडी तोंडातून काढून टाकली, घरी फोनवरसुद्धा. इथे मंत्री टीव्हीवर आपल्या गावच्या बोलीत बोलतात आणि कुणी हसत नाही. १८१४ पर्यंत देश डेन्मार्कच्या ताब्यात होता, लिहायची भाषा डॅनिश. ईवार ओसेनने १८४० च्या दशकात गावोगाव हिंडून बोली गोळा केल्या आणि त्यातून नवी लेखी भाषा उभी केली, तीच आजची नीनोष्क. डॅनिशवरून आलेली ती बूकमोल. १८८५ पासून दोन्हींना सारखा मान आहे. तुम्ही बूकमोल लिहायला शिका, पण कान सगळ्या बोलींना उघडा ठेवा, कारण वर्गातलं ‘याय’ म्हणजे ‘मी’ तुम्हाला ट्रॉनहाइममध्ये फार ऐकू येणार नाही. तिथे ‘ॲ’ म्हणतात. नाहीला ‘इक्के’ऐवजी ‘इच्च’.

आणि ‘काय’ला ते म्हणतात ‘का’. ‘का दु यॉर?’ म्हणजे आपल्या वऱ्हाडीतलं ‘का करून राहिली?’, काय करते आहेस? पहिल्यांदा ट्रॉनहाइमच्या स्टेशनवर एका बाईने फोनवर हे म्हटलेलं ऐकलं तेव्हा मी तिथेच उभी राहिले. त्या रात्री आईला फोन केला आणि कितीतरी वर्षांनी वऱ्हाडीत बोलले.

दुकानात ते लगेच इंग्रजीवर येतील, तुमच्या सोयीसाठीच. तेव्हा म्हणायचं, ‘कान वी स्नाके नोष्क?’ आपण नॉर्वेजियनमध्ये बोलूया का? हे एक वाक्य विमानात बसायच्या आधी पाठ करा. बाकी घर, थंडीचे कपडे यांचं वेगळं विचारा, सांगेन.