मॉरिशस: गाडी घ्या, पण एका दिवसात बेटाची प्रदक्षिणा नको

तुमचा प्रश्न असा: ऑगस्टात सांगलीहून चौघे जण मॉरिशसला मैत्रिणीकडे आठवडाभर जाताय. भाड्याची गाडी स्वतः चालवावी का, आणि एका दिवसात अख्खं बेट होतं का?

नोकरीनिमित्त तिकडे राहिलोय, घरी पाहुण्यांचा राबता असायचा, म्हणून सांगतो. गाडी घ्याच. बेटाची चक्करही होते, पण मारू नका. मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पाव भागाहूनही लहान. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, सकाळी निघू आणि जेवायला घरी येऊ. विमानतळ ते राजधानी पोर्ट लुई ते उत्तरेचं ग्राँ बे हा हमरस्ता झकास आहे, पण किनाऱ्याचे रस्ते गावागावांतून जातात. अरुंद, बऱ्याच ठिकाणी फूटपाथ नाही, संध्याकाळी माणसं रस्त्याच्याच कडेने चालतात. चक्कर मारलीत तर दुपारनंतर मागचे झोपतात आणि चालवणाऱ्याला समुद्र फक्त आरशात दिसतो.

दिशा ठरवायची ती वाऱ्यावर. ऑगस्टात तिकडे हिवाळा, आग्नेयेकडून वारा सुटलेला असतो. पूर्व किनाऱ्यावर तो तोंडावर येतो, पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाककडे पाणी शांत. मधल्या पठारावर, क्यूरपीपला, किनाऱ्यावर ऊन असताना भुरभुर चालू असते. म्हणून पूर्व किनाऱ्याजवळच्या इल ओ सेर्फ या छोट्या बेटाची बोट इथूनच बुक करून ठेवू नका. तिथे गेल्यावर आभाळ बघून ठरवा.

एकच दिवस मनासारखा मिळणार असेल तर नैर्ऋत्येला द्या. सकाळी गंगा तलाव (स्वेटर जवळ ठेवा, शंकराची १०८ फुटी मूर्ती लांबूनच दिसते), मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या दऱ्यांवरचा कठडा, शामारेलची सात रंगांची माती, आणि तिथून घाट उतरून ल मॉर्न. आंबा घाट चालवलेल्याला हा उतार अवघड नाही, फक्त खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापवू नका. ल मॉर्नच्या कड्यावर पळून आलेले गुलाम लपून राहायचे. २००८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. खाली नुसतं पोहून परत फिरू नका, डोंगराकडे मान वर करून बघा.

वाटेत दालपुरीची गाडी दिसली की थांबायचं. दोन पातळ पुऱ्या एकावर एक, मध्ये मोठ्या दाण्यांच्या घेवड्याची रस्साभाजी आणि हिरवी चटणी, कागदात गुंडाळून हातात. कागद खालून ओला व्हायच्या आत संपवा.

चालवणं आपल्यासारखंच, डावीकडून. सवय लावायची ती गोल चौकांची: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि तिथे खरंच सगळे थांबतात. हॉर्न विसरा. उसाचा हंगाम असतो, तेव्हा पुढे ट्रक आला तर काय करायचं हे सांगलीकराला मी काय सांगणार!

निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, वर्षभर चालतो. अनामत बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डावर अडकवतात, तेही चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. विम्यात आपल्या खिशातून किती जाणार, तो आकडा सही करण्याआधी विचारा.

पोर्ट लुईला मात्र गाडी नेऊ नका. क्यूरपीपहून मेट्रो आहे, ती घ्या. बाजार आणि आप्रवासी घाट पायी होतो. १८३४ पासून आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, ज्या बंदरात उतरले ते हेच.

आणि मैत्रिणीचं. तिला रोज सोबत ओढू नका, तिला ऑफिस आहे. शिवाय पाच जण आणि बॅगा छोट्या गाडीत मावत नाहीत. रविवारी तिला घ्या, पण लवकर निघा. त्या दिवशी स्थानिक कुटुंबं डबे, चटया घेऊन किनाऱ्यावर येतात आणि दहानंतर सावलीत गाडी लावायला जागा उरत नाही. मुक्काम सप्टेंबरात ढकलता आला तर गणपतीची तारीख बघा. तिथे त्याची सार्वजनिक सुट्टी असते, तिथल्या मराठी घरांतून आरत्या ऐकू येतात, आणि विसर्जनाच्या वेळी किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी अडकते ती अडकतेच.