बादलीतल्या तारा

प्रिय चिऊ,

परवा जेवताना माझ्या अंगठ्याखालचा पांढरा डाग बघून तू विचारलंस, "सात वर्षांची होतीस आणि फटाक्यांशी एकटीला खेळू दिलं? तुमच्याकडे मुलांवर कुणी लक्ष ठेवायचं नाही का?" मी आमटी वाढायच्या निमित्ताने उठले. प्रश्न बरोबरच होता. मला लागलं ते 'तुमच्याकडे'. गेल्या वर्षीपर्यंत तू 'आपल्याकडे' म्हणायचीस.

असो. त्याच दिवशी शाळेत अग्निशमन दलाची माणसं येऊन गेली होती, हे मला ठाऊक आहे. तेव्हा उत्तर जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सांगलीच्या घरी वसुबारसेलाच फटाके सुपात घालून गच्चीवर उन्हात ठेवायचे, सादळू नयेत म्हणून. राखणीला मी आणि दादा. वाटणी आजोबा करायचे: मुलांना फुलबाज्या, नागगोळ्या आणि टिकल्या, दादाला लवंगीची एक माळ, आणि भुईनळे त्यांच्याकडे. सुतळी बॉम्ब आमच्या घरात कधी आलाच नाही. त्यांचं म्हणणं, पैसे जाळायचेच तर निदान उजेड तरी पडावा.

नरक चतुर्दशीला पहाटे आई पाठीला तेल चोळायची, मग उटणं. दादा न्हाणीत बसला की दाराशी मी फुलबाजी धरून उभी. त्याची अंघोळ संपेपर्यंत ती विझायला नको, म्हणून दुसरी तयार. हे का करायचं, मला माहीत नाही. दादा आतून ओरडायचा, "लागली का?" मी म्हणायचे, "लागली." एवढंच आठवतं, आणि तेवढ्यासाठी मी ते अजून धरून बसले आहे.

लक्ष होतं का? लोखंडी बादली होती. विझलेली प्रत्येक तार तिच्यात टाकायची, चुर्र आवाज व्हायचा. फुलबाजी हजार अंशांच्या वर जळते हे आजोबांना ठाऊक नसेल, पण विझली तरी तार कितीतरी वेळ चटका देते हे ठाऊक होतं. शेवटी ते बादलीत हात घालून तारा मोजायचे. पेटीत दहा होत्या, तर दहा निघाल्या पाहिजेत. एकदा नऊच निघाल्या, तेव्हा बॅटरी घेऊन सगळं अंगण धुंडाळलं, कारण सकाळी आम्ही तिथेच अनवाणी धावणार. नायलॉनचा फ्रॉक घालून आले तर ते शब्द न बोलता आत बोट दाखवायचे. सुती घालून ये. भुईनळ्याला उदबत्ती ते हात लांब करून, तोंड फिरवून लावायचे. नाही लागला, तर पुन्हा त्याच्याकडे वाकायचं नाही, लांबूनच बादली ओतायची. एवढ्या महागाचा भुईनळा भिजवल्यावर आजी जे बोलायची ते इथे लिहीत नाही.

पण चिऊ, हे सगळं रात्रीचं. माझा डाग दुपारचा आहे. भाऊबीजेला बासुंदी जेवून घर गाढ झोपलं होतं. आम्ही गल्लीभर फिरून फुसके लवंगी गोळा केले, मोडले, दारू कागदावर काढली आणि काडी लावली. आवाज नाही, नुसती पांढरी झळ. आजीने धावत येऊन दौतीतली निळी शाई ओतली. डॉक्टरांनी आधी शाई धुतली, मग रागावले, कारण खाली किती भाजलंय तेच दिसत नव्हतं. तुला शाळेत सांगितलं तेच खरं, वीस मिनिटं नळाखाली हात. तेव्हा त्या दुपारी लक्ष नव्हतं, हे मी मान्य करते. डोळा वाचला तो नशिबाने. आजोबा नंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं रागावलेत. आता मीच तुझ्यामागे फिरते, तेव्हा कळतं की तो राग माझ्यावर नसावा.

इथली, इंग्लंडमधली गंमत सांगू? फटाक्यांच्या 2004 च्या नियमांत दिवाळीचं नाव घातलंय, त्या रात्री एक वाजेपर्यंत फटाक्यांना सवलत. एरवी रात्री अकरा ते सकाळी सात बंदी. म्हणजे आपली जी खरी वेळ, पहाटेची, ती नेमकी बंदीत! पण तक्रार कुणाकडे करू? 2018 पासून सर्वोच्च न्यायालयाने तिकडे भारतातही रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली, माळाही बंद केल्या. मावशीच्या छोटूला धुराने दम लागतो, त्यामुळे तिने तर घरात फटाके आणणंच सोडलंय. ती म्हणते तेही पटतं.

मी तुला आग्रह करणार नाही. यंदा पाठीला तेल लावायला हाक मारीन, उठावंसं वाटलं तर उठ. न्हाणीच्या दाराशी फुलबाजी लावायचा प्रश्नच नाही. गेल्या वर्षी नुसत्या उदबत्तीने धुराची घंटा वाजली होती. संध्याकाळी मागच्या बागेत लावू, तुझे लोकरी हातमोजे घालून, हात लांब करून. बाबांना म्हणावं, आतून ओरडा, "लागली का?"

पेटी मी आणते, पाचाची. बादली तू भर, आणि तारा तूच मोज. गेल्या वर्षी मी मोजल्या नव्हत्या.

तुझी,
आई