मैत्रिणीची केमो सुरू होतेय, मी नेमकं काय करू?

प्रश्न : माझ्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला (वय ४६) स्तनाचा कर्करोग निघालाय. गाठ मोठी आहे, काखेतही पसरलंय, म्हणून आधी केमो आणि मग ऑपरेशन असं ठरलंय. ती कोथरूडला, मी सिंहगड रोडला. तिच्या नवऱ्याची नोकरी चाकणला, मुलगी दहावीत. ‘काही लागलं तर हक्काने सांग’ असं मी रोज म्हणते, ती ‘नाही गं, चाललंय’ म्हणते. मला खरंच उपयोगी पडायचंय.
– एक वाचक

उत्तर : ती सांगणार नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. काय हवंय ते शोधायचं, कोणाला जमेल याचा अंदाज घ्यायचा आणि मग शब्द टाकायचा, हे सगळं आजारी माणसाने करायचं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं झालं. तुम्हीच एक काम उचला आणि वार-वेळेसकट सांगा : ‘मंगळवारी आठला गाडी घेऊन येते. केमोला मी बसते, भाऊजींची रजा ऑपरेशनसाठी राहू दे.’ तरीही ती नको म्हणाली तर रुसू नका. पुढच्या सायकलला (म्हणजे केमोच्या पुढच्या फेरीला) पुन्हा विचारा.

सगळ्यात आधी तिच्या घरी डिजिटल थर्मामीटर आहे का ते बघा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, किंवा थंडी वाजून अंग थरथरलं, तर तो घरी काढायचा ताप नव्हे. बहुतेक घरांत इथेच चूक होते : पॅरासिटामॉल देतात आणि सकाळपर्यंत थांबतात. गोळीने आकडा उतरतो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. अशा तापात शिरेतून अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू व्हावं लागतं. म्हणून रात्री दोनला ताप आला तर गाडी कोण काढणार, हे आजच ठरवा. तिच्या डॉक्टरांच्या विभागाचा रात्रीचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवा. कॅज्युअल्टीत पोचताच पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली’ हेच असू द्या. नुसतं ‘ताप आलाय’ म्हटलंत तर रांगेत बसवतील.

दुसरं काम फाइलचं, आणि ते मैत्रिणीने करण्यासारखंच आहे. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, झेरॉक्सचा एक संच वेगळा ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा. मूळ बायोप्सी रिपोर्ट आणि इआर, पीआर, हर-टूचा (गाठीच्या पेशींवर संप्रेरकांचे आणि हर-टू प्रथिनाचे ग्राहक आहेत का, ते सांगणारा) रिपोर्ट सर्वांत वर ठेवा, कारण औषधं त्यावरून ठरतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर लॅबकडून बायोप्सीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणात जपलेले तुकडे, म्हणजे ब्लॉक, लेखी अर्ज देऊन मागता येतात. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये गेलात तरी तेच लागतात. ब्लॉक मेणाचे असतात, उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. मुंबईची खेप पडलीच तर रेल्वेची सवलत आहे : उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सेकंड क्लास व एसी चेअर कारच्या भाड्यात ७५ टक्के. रेल्वेच्या नमुन्यातला हॉस्पिटलचा दाखला मात्र हवा.

केमोच्या दिवशी सैल बाह्यांचा सदरा, पातळ शाल, पाण्याची बाटली आणि वही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या रात्री लिहून घ्या, उत्तरं तुम्ही लिहा. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या लक्षात निम्मंही राहत नाही. लाल रंगाचं औषध असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. हे तिला आधी सांगा, नाहीतर रक्तच जातंय असं वाटून ती घाबरेल. अनेक औषधांनी पहिल्या सायकलनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. तिला हवं असेल तर आधीच केस बारीक कापायला सोबत जा.

डबा देणार असाल तर फोडणी तुमच्या घरी करा. उलटीची भावना असताना फोडणीचा आणि गरम वाफेचा वासच सोसत नाही, म्हणून ताजं रांधलेलं अन्न जरा निवू देऊन द्यावं. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, नाचणीची पेज, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. तोंडाला धातूची चव येते तेव्हा स्टीलऐवजी लाकडी चमचा बरा वाटतो. कच्ची कोशिंबीर, बाहेरचा उसाचा रस, गाडीवरची चटणी बंद. तोंड आलं तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, गिळायचं नाही.

काढे घेऊन येणारे नातेवाईक येतीलच. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि केमोची बरीच औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. पपनसही काही औषधांचं प्रमाण रक्तात वाढवतं. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीच नको. हे बजावण्याचा वाईटपणा तुम्ही घ्या. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणाऱ्यांनाही दारातच थोपवा, सर्दी-खोकला असलेल्यांना तर नक्कीच.

पैशांचं : विमा असेल तर कॅशलेसची मंजुरी सायकलच्या आधी घ्यावी लागते, डे-केअर केमो (रात्रभर भरती न होता त्याच दिवशी घरी) पॉलिसीत आहे ना आणि खोलीभाड्याची मर्यादा किती, ते वाचा. विमा नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी भेटा, आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

प्रश्न : माझ्या मित्राचा कर्करोग यकृतापर्यंत गेलाय. मुलं म्हणतात, ‘काका, बाबांना काही बोलू नका.’ तो मला सारखा विचारतो. काय करू?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : खोटं बोलू नका, आणि मुलांना डावलून सगळं सांगूनही टाकू नका. आधी त्यालाच विचारा : ‘डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय? अजून काय जाणून घ्यायचंय?’ काहींना सगळं हवं असतं, काहींना फक्त दुखणं थांबेल का एवढंच. त्याला हवं असेल तर ‘डॉक्टरांना आपण दोघं मिळून विचारू’ म्हणा आणि मुलांना सांगा की त्यांचे बाबा तुम्हाला विचारतायत, म्हणजे त्यांना अंदाज आलाय. लपवाछपवीत माणूस एकटा पडतो, आणि बँकेचे, घराचे, जमिनीचे निर्णयही राहून जातात.

दुखण्यासाठी पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर (दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा) सेंटर आहे, १९९७ पासून. तिथली सेवा मोफत असते. तिथे जाणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे, दोन्ही एकत्र चालतं. मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) लिहून दिलं तर व्यसनाच्या भीतीने घरचे डोस चुकवतात. ते घड्याळ लावून, सांगितलेल्या वेळीच द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही. त्याने बद्धकोष्ठता होतेच, म्हणून पोट साफ राहण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्या. किती वाजता दुखलं, दहापैकी किती, कशाने थांबलं, हे वहीत लिहून ठेवा. डोस वाढवायचा की बदलायचा, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.