फक्त ईमेलमधून सांगितलेल्या कादंबऱ्या वाचण्यासारख्या असतात का? त्यात मजा काय आणि तोटे काय?

वाचा, बिनधास्त. याच विषयावरून एका दिवाळीत आमच्याकडे फराळ बाजूला राहिला होता, म्हणून उत्तर लिहायला बसले.

मोठे दीर मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांना मी ऑस्ट्रियन लेखक डानिएल ग्लाटाउअरच्या 'गूट गेगेन नॉर्डविंड' (२००६) या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर दिलं. एमी नावाची बाई मासिकाची वर्गणी बंद करायला मेल टाकते, पत्ता चुकतो आणि मेल पोचते लिओ लाइके नावाच्या अनोळखी माणसाला. पुढे सगळं दोघांच्या मेलमधूनच. भाऊजींनी थोडी पानं वाचून पुस्तक मिटलं. "यात ना घर, ना पाऊस, ना माणसाचा चेहरा. ही कादंबरी का ऑफिसचं आवक-जावक रजिस्टर?"

मी म्हटलं, "भाऊजी, वा. म. जोशींची 'इंदू काळे व सरला भोळे' तुम्ही डोक्यावर घेता. १९३४ची. तीही पत्रांचीच ना?" तर म्हणे, पत्रात हस्ताक्षर असतं, त्यात माणूस दिसतो. छापील पुस्तकात कुठलं आलंय हस्ताक्षर?

खरी गंमत मेलच्या मधल्या वेळात आहे. ग्लाटाउअर दोन मेलच्या मध्ये किती वेळ गेला तेवढंच लिहितो. सेकंदांत उत्तर आलं तर गडी स्क्रीनला चिकटून बसलाय हे न सांगता कळतं. दोन-तीन दिवस काहीच नाही, की आपलाच जीव खालीवर. पत्राला उशीर झाला तर तो पोस्टमनच्या नावावर खपवता येतो. इथे ती सोय नाही. शेवट सांगत नाही, पण तो हस्ताक्षरातल्या पत्राला जमलाच नसता.

दुसरं, चुकीच्या माणसाला गेलेली मेल. मॅट बोमाँटच्या 'ई' (२०००) मध्ये लंडनच्या जाहिरात कंपनीतल्या साहेबाच्या मेल हेलसिंकीच्या ऑफिसात जाऊन पडतात. ऑफिसात दिवस काढलेल्या कोणालाही हसू आवरणार नाही.

तोटे आहेतच. समोरच्याला आधीच ठाऊक असलेलं पात्रं केवळ वाचकासाठी उगाळत बसतात. दुखणं जुनंच: इंग्रज लेखक रिचर्डसनच्या पत्रांतून सांगितलेल्या कादंबरीतली पामेला (१७४०) भलत्या प्रसंगीही पत्रं खरडत बसते, म्हणून फील्डिंग या दुसऱ्या लेखकाने पुढच्याच वर्षी 'शामेला' लिहून तिची टर उडवली. मराठीत तर आणखी पंचाईत. आपण मेल लिहितो 'काइंडली डू द नीडफुल' थाटात. प्रेम, भांडण सगळं व्हॉट्सॲपवर. त्यामुळे शुद्ध मराठीतल्या लांबलचक मेल खोट्या वाटतात.

आणि हो, ऐसपैस वाडा, चार पिढ्या, गावाचं वर्णन हवं असेल तर या वाटेला जाऊ नका. ग्लाटाउअरचा २००९चा दुसरा भागही मला पहिल्याइतका भिडला नाही. पण घरात कोणी "ही कादंबरीच नव्हे" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आमच्या भाऊजींनी ते पुस्तक अजून परत दिलेलं नाही. जाऊबाई सांगतात, रात्री उशीखाली असतं.